कोंड्यावर विकलेली पोरगी

विकलेल्या वस्तूवर हक्क सांगू न्हाई, हे मला कुणी शिकवायची गरज न्हाई. म्हणून परभणीच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी "बाळाची आई कोण?" विचारलं, तवा मी सगुणाकडं बोट केलं. त्यात खोटं काय होतं, ते मला अजून कुणी सांगितलं न्हाई.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. माझ्या सुनेची, लक्ष्मीची, आधीची दोन लेकरं पाचवीच्या आत गेलेली. तिसरी पोरगी पेडगावला घरीच झाली, तीबी आठव्या महिन्यात. रडायचं त्राणसुद्धा न्हाई. धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात नवस-सायास बंद, अन् माझा लेक लिंबाजी या बाबतीत लय कडक. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकबी फुंकून पितं. तो दवाखान्यात न्यायला गाडी जुंपायला गेला तेवढ्यात मी शेजारच्या सगुणाला बोलावलं, तिच्याकडून सूपभर कोंडा घेतला अन् लेकरू तिच्या ओटीत टाकलं. ज्या घरात लेकरं जगत न्हाईत तिथं असंच करतात. मरण दाराशी आलं तर म्हणायचं, इथं तुझं कुणी न्हाई. मग जन्मदातीनं लेकराला पाजायचं न्हाई, माझं म्हणायचं न्हाई. पोरीचं नाव पडलं कोंडी. लिंबाजीनं परत येऊन सगळं बघितलं, पण त्या दिवशी वाद न घालता सगुणासकट आम्हा सगळ्यांना गाडीत बसवून परभणीला आणलं.

दवाखान्यातल्या त्या डॉक्टरीण म्हणजे अंबिकाबाई. कमी दिवसांची, कमी वजनाची लेकरं कशानं तगतात याचा त्या अभ्यास करायल्या होत्या. आमच्याकडं बाळंतिणीचा पहिला पिवळा चीक पिळून फेकतात अन् लेकराला गुळाचं पाणी चाटवतात. बाई म्हणायच्या, चीकच चमच्यानं पाजायचा अन् रोज वजन करून बघायचं.

मी म्हणले, "चीक जड असतो बाई, लेकराला बाधतो."

"म्हशीच्या चिकाचा खरवस खाता ना आजी? वासराला तोच चीक बाधतो का?"

बाईंची जीभ लय धारेची. पण बोलणं मला पटलं, पटलं ते पटलं.

मग सगुणा वाटीत दूध काढून द्यायला लागली. तिचं पोरगं रांगतं, दुधाला तोटा न्हाई. लक्ष्मी आमच्यासंगं लेकराची मावशी म्हणून आलेली. ती बाहेर लिंबाखाली पडून असायची. छाती भरली की झाडाच्या बुडाशी पिळायची अन् पदर तोंडात धरून रडायची. मी तिकडं बघत नव्हते.

अन् दोन दिवसांतच कोंडीचं वजन उतरायला लागलं. वजनाच्या काट्यापाशी बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाकीची बाळं चिकावर सावरताहेत. हीच का घसरतेय?" म्हणत त्यांनी वाटी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली. "हा चीक नाही. हे जुनं दूध आहे. आजी, खरं सांगा, हिची आई कोण?"

सगुणा माझ्या तोंडाकडं बघायली. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. खरं बोलावं तर मरणाला घर दाखवल्यासारखं, न बोलावं तर पोरगी डोळ्यांदेखत चाललेली. लय भ्याले मी, खोटं कशाला बोलू. भीतभीतच बाहेर बोट केलं. "ती काय, लिंबाखाली."

बाईंनी कपाळाला हात लावला. लक्ष्मीला हाताला धरून आत आणलं, वाटी पुढं केली. लक्ष्मी मागं सरली. "नगं आत्याबाई. मी माझी म्हणले की जाईल ती. आधीच्या दोघींना मीच पाजलं होतं."

मी सासू, घरात माझा शब्द चालायचा. तिथं चालला न्हाई. बाईंचाबी चालला न्हाई.

मग सगुणा उठली. एरवी ती चार माणसांत तोंड उघडत न्हाई. तिनं लेकरू छातीशी धरलं अन् म्हणली, "पोरगी माझी हाय. कोंडा देऊन घेतलीय. माझं दूध तिला पचंना. लक्ष्मी, माझ्या लेकीला तू दूध दे. मी सांगते म्हणून दे."

लक्ष्मीनं वाटी घेतली.

पिवळाधमक चीक उतरला. बाईंनी स्वतःच्या हातानं चमच्यानं पाजला. संध्याकाळच्याला कोंडी रडली, चांगली टाहो फोडून. ते ऐकून लिंबाजी दारामागं तोंड लपवून रडला.

घरी निघताना बाई म्हणल्या, "आजी, हिला चीक उशिरा मिळाला. माझ्या अभ्यासात हिला धरता येणार नाही."

"नका धरू," मी म्हणले. "मेलेल्यात धरू नका म्हणजे झालं."

कोंडी आता साळंत जाती. सगुणाला आय म्हणती अन् लक्ष्मीला मावशी. मोडायचा कशाला तो सौदा? तिनं मावशी म्हणलं की लक्ष्मीच्या डोळ्याला कधी कधी पाणी येतं. येऊ दे. हाक मारायला लेकरू तर हाय.