उकरा, खोदू नका!

मी एक जुनी कुदळ आहे. माझा दांडा कितीदा बदलला, टोक भट्टीत कितीदा शेकून निघालं, ते आता आठवत नाही. मित्रांनो, तुम्ही सगळ्याला सरसकट 'खोदणं' म्हणता. आमच्यात तसं चालत नाही. विहीर खणतात, पाया खोदतात, गाळ उपसतात. आणि मातीखाली माणूस गाडला गेला, तर ती माती हातांनी उकरतात. तिथे मला मज्जाव असतो.

माझा मालक ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला उंटराव म्हणत. तो खाली खणायचा, बायको वर माती वाहायची. तो मला इतकं जपायचा, की ती म्हणे, "ही माझी सवतच!"

एका अरुंद गल्लीत आम्ही नळासाठी चर खणत होतो. चर उंटरावाच्याही डोक्यावर गेला. बायको माती लांब नेऊन टाकत होती, कारण काठावर ढीग केला की काठ खचतो. मुकादमाला घाई.

"काठावरच टाक. फिरायला आलीस काय?"

"काठ ढासळेल, साहेब."

"तोंड नको चालवू, घमेलं चालव."

तिने काठावर टाकली. पोटापुढे शहाणपण चालत नाही.

दुपारी पाणी प्यायला उंटरावाने मला वर ठेवलं आणि तेवढ्यात काठ खाली बसला. उंटराव मातीखाली दिसेनासा झाला. ती चरात उतरून नखांनी उकरू लागली. मुकादमाने मला उचललं.

"सरक, मी खोदतो."

"उकरा हो, खोदू नका!" ती माझ्या दांड्याला लोंबकळली.

"एकच ते!" तिला ढकलून त्याने घाव घातला.

एकच नव्हतं. उंटराव जिवंत निघाला, पण उजवा हात खांद्यापासून कापावा लागला. मला नळाखाली धुऊन पुन्हा कामाला लावलं.

आता ही सवत तिच्या हातात आहे. ती खाली खणते, तो डाव्या हाताने डोक्यावरचं घमेलं सावरत माती वाहतो. मुकादम तोच.

"अर्धा माणूस आणि येरझाऱ्या दुप्पट!" तो हसतो. "काठावर टाक की रे!"

उंटराव गल्लीच्या टोकाला जाऊन माती टाकतो आणि परत येतो.

मित्रांनो, मला पुसा, तेल लावा, असं मी मागत नाही. मी लोखंड आहे, माझं निभेल. पण कोणी खाली खणत असेल आणि तुम्ही वर उभे असाल, तर माती लांब टाका. आत्ता खाली ती आहे.