पहिलं नको

रायपूरच्या दवाखान्यात नरहर देवपुजारींच्या डोक्यावर टोपी चढली, तेव्हा प्रमोदिनीबाईंनी आधी तिला हळदकुंकू लावलं. लकव्यानं नवऱ्याची वाचा जाऊन चार महिने झाले होते, आणि ही तारांची टोपी म्हणे डोक्यातले इशारे पकडून ते बोलून दाखवते. असली मशीन आली तर तिची पूजा नको? मशीनवाला विहंग "आंटी, सेंसर पे नहीं" म्हणेपर्यंत अक्षताही पडल्या होत्या.

टोपी बोलली, तीही बाईच्या आवाजात, थेट पुण्याचं मराठी. नर्स भावनानं विचारलं, "बाबूजी, खाना खाएंगे?" टोपी म्हणाली, "नको, आपण कशाला त्रास घेता?" भावनानं ताट उचललं आणि घेऊन गेली.

तीन दिवस हेच चाललं. खिचडी परत, दलिया परत, चौबे कॉलोनीतल्या घरून आणलेली कढीसुद्धा परत. नरहरराव सलाईनवर, आणि विहंग खूश, कारण मशीन एकदाही अडखळली नव्हती.

"अरे बेटा, हे भुकेले आहेत," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"आंटी, मुंह झूठ बोल सकता है, दिमाग नहीं।"

आता या पोट्ट्याला काय सांगावं? देवपुजाऱ्यांकडे पहिलं नको कुणी मोजतच नाही. भोसल्यांच्या काळात हे घराणं रायपुरात आलं, तेव्हापासून पंगतीत वाढणाऱ्यानं तीनदा विचारायचं आणि जेवणाऱ्यानं दोनदा हात आडवा धरायचा. नरहरराव तर असे भिडस्त की सासऱ्यांनी मुलगी देतो म्हटलं, तेव्हाही "राहू द्या, उगाच कशाला" म्हणाले होते. सासरे शहाणे, त्यांनी पुन्हा विचारलं.

चौथ्या दिवशी विहंग फॉर्म घेऊन आला. पेशंटनं घरी जायचं, की उरल्याच्या कारखान्यांकडे असलेल्या केंद्रात कायमचं राहायचं, हे आता पेशंटनंच सांगायचं होतं. टोपी म्हणेल तेच कागदावर लिहिलं जाणार होतं. ते केंद्र बाईंनी पाहिलं होतं. खिडकी उघडली की ट्रकांची धूळ आत, आणि वीस खाटांवर वीस गप्प म्हातारे.

"बाबूजी, घर जाना है?"

"नको. तिला कशाला त्रास."

बाईंनी फॉर्मवर हात ठेवला. "पुन्हा विचार," त्या म्हणाल्या. "आमच्यात तीनदा विचारतात."

विहंगनं पुन्हा विचारलं. "नको, खरंच." तिसऱ्यांदा विचारलं. "नको."

आता मात्र बाई घाबरल्या. तिसरं नको त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. मग आठवलं, की ऐकणार तरी कुठून? गुडघे धरल्यापासून त्या स्वतःच एकदाच विचारून पातेलं झाकत होत्या. हे नको म्हणायचे आणि हात धुवायला उठायचे. वयानं भूक कमी झाली असेल, असं त्यांना वाटायचं. तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही, हे नवऱ्याला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांना स्वतःचीच भारी लाज वाटली.

आणि मग त्यांना सासूबाई आठवल्या. सासूबाई कधी कुणाला विचारायच्याच नाहीत, सरळ पळी ओतायच्या.

विहंगचा पेन नाहीच्या चौकटीवर टेकलाच होता. प्रमोदिनीबाईंनी पिशवीतून नवऱ्याच्या चपला काढल्या, गुडघ्यावर हात देत खाली बसल्या आणि डाव्या पायात चप्पल घालू लागल्या.

"आंटी, ये आप क्या कर रही हैं?"

"वाढून राहिली आहे."

टोपीतली तीच पुण्याची बाई घाईघाईनं म्हणाली, "बस, बस. अर्धंच वाढ."

विहंगनं फॉर्म खालीवर पाहिला. "आधा घर? आंटी, इसमें तो सिर्फ हां और ना है।"

"हां वर टिक कर," उजव्या पायातली चप्पल सारखी करत त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. "आणि भावनाला ताट आणायला सांग. यांना विचारू नको म्हणावं."