गव्हाणीतला कडबा

तान्ही रूथ झोपली की मी पाट ओढून बसायची. एका बशीत हळद, दुसरीत कुंकू, तिसरीत नीळ. रंग कालवायला रूथचं तोंड धुतलेलं पाणी वाटीत जपून ठेवलेलं असायचं. टँकरचं चांगलं पाणी रंगात घालायची माझी छाती नव्हती.

कोरी कार्डं ह्यांनी आणली होती. दुष्काळानं गावोगावची लग्नं पुढं गेली, छापखान्यात सोनेरी कडांच्या कोऱ्या पत्रिका तशाच पडून. "घे, तुझ्या नाताळला," म्हणाले, आणि टँकरच्या कामावर औशाकडे निघून गेले. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं. नव्या कचेरीत माणसं थोडी, कामं ढीगभर. नाताळला यायला जमणार नाही, असं जातानाच सांगून गेले.

माहेरी मुदखेडला, रेल्वेच्या क्वार्टरात, नाताळात चपला काढायला जागा उरायची नाही. आई करंज्यांची ताटं घरोघरी पाठवायची, आणि प्रत्येक ताटावर मी केलेलं कार्ड. इथं गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकटं. यंदा तेल-साखरेचा पत्ता नाही, म्हणून नुसती कार्डं. पोळ्यानंतर आम्ही इथं आलो, तेव्हापासून माझ्या उंबऱ्याच्या आत बाईमाणूस आलं नव्हतं. नळावर बोलायच्या सगळ्या, पण घागर भरली की जिची तिची वाट. मला फार काही नको होतं. नाताळच्या दिवशी कुणीतरी आत यावं, टेकावं, रूथला मांडीवर घ्यावं.

कार्डावर मी गव्हाण काढली. तिच्यात हळदीनं पिवळाजर्द कडबा, कडब्यावर बाळ. वर चहाच्या पुड्यातल्या चंदेरी कागदाची चांदणी, ज्वारीच्या पिठाच्या खळीनं चिकटवलेली. खाली लिहिलं, 'पंचवीस डिसेंबर. बाळाच्या जन्माचा आनंद तुमच्याही घरी येवो. सिंधु, शमुवेल आणि रूथ.' मध्येच रूथ उठायची, मग एका हातानं तिला थोपटत दुसऱ्यानं चांदण्या कापायच्या. एका कार्डावर बाळाचं नाक त्यात वाकडं झालं ते झालंच.

वाटायला गेले ती दुपारची. दारं लोटलेली. कडी वाजवायला हात उचलला, पण धीर झाला नाही. फटीतून कार्डं आत सरकवली आणि पळत घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी नळावर गेले. समोरच्या नागुबाई माझ्याकडं न बघता भामाबाईंना म्हणाल्या, "आजकाल दारात टाकून जायची पद्धत निघाली वाटतं!"

भामाबाई पदराआड हसल्या. माझी घागर अर्धीच भरली होती, तशीच उचलली. घरी येऊन रूथच्या लंगोटांच्या ढिगात तोंड खुपसून रडले. आपला सण यांना नको आहे, एवढंच मला कळलं.

नाताळच्या सकाळी दारात कागदाचा तारा टांगला. रूथला नवं झबलं घातलं. एकटीनं प्रार्थना म्हटली. प्रार्थनेत रूथ तेवढी हुंकार देत होती. मग दाराकडं तोंड करून बसले. ऊन उंबऱ्यावर आलं, मागं सरकलं. कुणी नाही.

दुपार कलली तेव्हा शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्या सरजाबाई आल्या. हातात माझं कार्ड. उंबऱ्याबाहेरच उभ्या.

"काय गं सिंधु, बारसं किती वाजता हाय?"

"बारसं? कुणाचं?"

"आता मलाच इचार! पत्रिका तूच टाकलीस की. तारीख हाय, लेकरू हाय, येळच न्हाई. अन् कडबा केवढा काढलाय गं! आमचा मालक म्हणला, या साली एवढा कडबा कुणाच्या घरी हाय, पत्ता इचार."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. "मावशी, ही पत्रिका नाही. आमच्यात नाताळाला असं कार्ड देतात. आज येशूचा जन्म झाला."

"मग त्याचं बारसं म्हण. लेकरू ते लेकरू." त्या जरा पुढं झुकल्या. "पण तोंडानं बोलावलं न्हाईस तू. कोण येईल गं असं? नागुबाई सकाळपासून धुवट लुगडं नेसून बसलीय, अन् वरून फणफण करून राहिलीय. मलाच राहवलं न्हाई."

"पण मावशी, घरात काहीच नाही. गूळ-शेंगदाणे आहेत, बस."

"गूळ-शेंगदाण्याला न्हाई कोण म्हणतंय? जा, बोलावून ये. पोरीला घे संगं."

"तुम्ही तरी आत या ना."

"तू बोलावून आलीस की सगळ्यांसंगं येते. पहिलं मानाचं घर नागुबाईचं."

रूथला कडेवर घेतलं आणि समोर गेले. या खेपेला कडी वाजवली. नागुबाईंनी दार उघडलं, खरंच धुवट लुगडं, केसांना तेल. मी तोंड उघडायच्या आत रूथनंच हात पुढं करून त्यांच्या नाकातली नथ धरली.

"सोड गं, भवाने!" नागुबाई म्हणाल्या.

"मावशी, घरी या," मी म्हटलं. "आत्ता. सगळ्यांना बोलावतेय."

"आता कसं बोललीस!" त्यांनी रूथला माझ्याकडून ओढून घेतलं आणि आत वळल्या. "थांब, तांब्याभर पाणी घेते. एवढ्या बायांना पुरवायला तुझ्या घरी कुठलं पाणी? भामाबाईलाही सांग, पाणी घेऊन ये म्हणावं."