खिडकीपाशी झोपणारी मुलगी

"सूनबाई, लेकराच्या वहीत आपला पेन नाही चालवाचा," गोविंदराव गेल्या उन्हाळ्यात म्हणाले होते. "अक्षर सुधरते, पण लेकरू मुकं होते."

ज्ञानदा तेव्हा लेकीच्या, रेवाच्या निबंधातली वाक्यं खोडत बसली होती. छत्तीस वर्षं नागपूरकडच्या शाळेत मास्तरकी केलेले सासरे दोन महिन्यांसाठी आयर्लंडमधल्या ट्रली गावी आले होते. येताजाता त्यांना काही ना काही खटकायचंच. "बाबा, इथलं वेगळं असतं हो," म्हणत तिनं चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला होता, आणि कपाबरोबर विषयही.

आज, शनिवारी सकाळी अकरा वाजता, लायब्ररीतल्या मुलांच्या कोपऱ्यात तिला ते वाक्य जसंच्या तसं आठवलं. कारण दहा वर्षांची रेवा सगळ्यांसमोर उभी होती, तिच्या हातात छापलेलं कार्ड होतं, आणि ती ते वाचत नव्हती.

महिनाभर सहा मुलांनी मिळून एक कादंबरी वाचली होती. शंभरेक वर्षांपूर्वीची, नवाहो या आदिवासी जमातीतली एक मुलगी. अमेरिकेतल्या तांबड्या माळावर आजीबरोबर मेंढ्या राखणारी. सरकारची माणसं तिला लांबच्या निवासी शाळेत नेतात, केस कापतात, तिची भाषा बंद करतात. दर महिन्याला तिथली मेट्रन फळ्यावर पत्र लिहिते आणि मुलींनी ते घरी पाठवण्यासाठी उतरवून काढायचं: 'मी इथे सुखात आहे. जेवण छान असतं. काळजी नसावी.' खाली सही तेवढी मुलीची. माळावरचा दुकानदार ते पत्र आजीला वाचून दाखवतो आणि आजी ते जपून ठेवते.

मुलांनी आपापलं मत लिहायचं, घरून टाइप करून पाठवायचं, आज वाचून दाखवायचं आणि मग ती कार्डं बोर्डावर लागायची, असं ठरलं होतं. ग्रंथपाल ब्रीदबाईंनी बिस्किटांचा डबा उघडून ठेवला होता. मागच्या खुर्च्यांवर आईबाप बसले होते.

ओशीनचं मत आधीच वाचून झालं होतं. "मेंढ्या फार मरतात. लेखिकेच्या घरी मेंढ्या नसणार, नाहीतर एवढ्या उन्हात तिनं त्यांची लोकर उतरवली असती. तीन तारे." त्याच्या बापाच्या साठ मेंढ्या होत्या, बाप मागे बसून अभिमानानं मान डोलवत होता. एमर म्हणाली, "केस कापले तिथे मी रडले. मग आईला सांगितलं, माझे आता कापायचे नाहीत. पाच तारे." सगळे हसले. आईनं कपाळावर हात मारला.

आणि मग रेवा.

रेवानं लिहिलेला कागद ज्ञानदानं गुरुवारी संध्याकाळी टाइप करायला घेतला होता. वरच ठसठशीत एक तारा. खाली वळणदार इंग्रजीत जे होतं ते तिनं दोनदा वाचलं. हे असं पाठवायचं? या गावात येऊन दोन वर्षं झालेली. नवऱ्याचं, सारंगचं, हॉस्पिटलमधल्या कॉम्प्युटर विभागातलं काम काँट्रॅक्टवर. हल्ली भारतीयांवरच्या हल्ल्यांच्या बातम्याही अशा यायच्या, की बसस्टॉपवर ती रेवाला भिंतीकडच्या बाजूला उभं करायची. चारचौघांत नजरेत भरू नये, एवढंच तिला हवं असायचं. तिनं कागदाची घडी घातली आणि स्वतःच लिहिलं: 'हे पुस्तक वाचून मला वाईट वाटलं, पण आशाही वाटली. आपण सगळ्या संस्कृतींचा आदर करायला हवा. ग्रंथपालांचे आभार. चार तारे. – रेवा.' आणि पाठवून दिलं. कुणाला कळणार होतं? वाचताना रेवा जरा फुरंगटेल, मग विसरेल. शाळेचा प्रोजेक्ट असाच बदलला होता, तेव्हा नव्हती का विसरली?

"रेवा, लव्ह?" ब्रीदबाई हळूच म्हणाल्या.

रेवानं कार्ड उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलट केलं. मग तिनं मागे, थेट आईकडे पाहिलं.

"आई, धिस इज द लेटर."

खोलीतल्या कुणाला काही कळलं नाही. ज्ञानदाला कळलं. फळा, खडू, मेट्रन. खाली सही तेवढी मुलीची.

"आय डिडन्ट राइट धिस," रेवा आता सगळ्यांना म्हणाली.  ट्रलीच्या पोरांसारखी तिची हनुवटी वर होती. "मी नाही वाचणार."

"अगं, शुअर, इट्स ग्रँड," एमरची आई चटकन म्हणाली. कुणी अवघडलं की हे लोक असंच पांघरूण घालतात, मायेनं. "छानच असणार. वाच ना, बाळा."

ज्ञानदाही एरवी त्याच पांघरुणात शिरली असती. हसून म्हणाली असती, जरा लाजते ती. वाक्य जिभेवर तयारही होतं. ती उभी राहिली.

"ते मी लिहिलंय," ती इंग्रजीत म्हणाली. "तिचं मत वेगळं होतं. मला भीती वाटली, म्हणून मी बदललं."

"दोन्हीपैकी कुठलंही चालेल हो," ब्रीदबाई म्हणाल्या.

"नाही. नाही चालणार."

इतकं सरळ 'नाही' या देशात ती पहिल्यांदाच बोलली होती. पर्समध्ये, बसपास आणि रेवाच्या इनहेलरच्या मध्ये, तो घडीचा कागद होता. मजकूर बदलला, पण कागद फेकायचा धीर झाला नव्हता. तो तिनं रेवाच्या हातात दिला. हात लागला तशी रेवानं बोटं मागे घेतली.

मग रेवा वाचू लागली.

"एक तारा. पुस्तक वाईट आहे म्हणून नाही. खिडकीपाशी झोपणारी एक मुलगी यात आहे. मेट्रनचं पत्र उतरवायला नाही म्हणणारी ती एकटीच. पान एकशे बारावर ती खोकते. त्यानंतर तिचं नावही नाही. तिची खाट रिकामी झाली का, तेसुद्धा नाही. शेवटी मेट्रन रडते आणि आपण तिला माफ करायचं. मी नाही केलं. जी मुलगी खोटं लिहीत नाही, तिलाच लेखिका कशी विसरली? आमच्या ग्रुपमध्ये सगळे 'सो सॅड' म्हणाले आणि बिस्किटं खाल्ली. मीपण खाल्ली."

कुणी हसलं नाही. ओशीननं पुस्तक ओढलं आणि एकशे बारापासून पानं उलटत सुटला. एमर त्याच्या खांद्यावरून वाकली. "नाहीये," तो शेवटी म्हणाला. "खरंच नाहीये ती." आणि हातातलं बिस्किट त्यानं डब्यात परत ठेवलं.

"अर्धं खाल्लेलं परत ठेवतोस काय रे!" बाप मागून ओरडला, तेव्हा कुठे खोलीनं श्वास सोडला.

बोर्डावर रेवाचा कागद लागला, घड्यांसकट. ज्ञानदाचं छापील कार्ड ब्रीदबाईंनी तिला परत दिलं. निघताना तिनं सवयीनं हात पुढे केला. रेवानं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि दोन्ही हात खिशात घातले.

ज्ञानदा थांबली. आपलं छापील कार्ड तिनं उलटं केलं, मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागली. आधी मराठीत. ते वाचणारं इथे कोण होतं? नसो. पण तो मजकूर सासऱ्यांना व्हिडिओ कॉलवर दिसलं असतं, तर त्यांनी एकही शब्द खोडला नसता. मग तेच खाली इंग्रजीत.

रेवा बाजूला येऊन उभी राहिली. तिनं दोन्ही भाषांतलं वाचलं, ओठ हलवत.  मग बोर्डाजवळच्या डबीतून एक टाचणी काढून तिनं आईच्या तळहातावर ठेवली.

कार्डावर तारे नव्हते. होतं ते एवढंच:

'हे पुस्तक घरी न्याल तेव्हा पान एकशे बारापाशी जरा थांबा. खिडकीपाशी एक मुलगी झोपलेली आहे. ती बरी आहे का, कृपा करून कुणीतरी बघा.'