बाबांचं डेबियन

कम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीचे नाना अवतार आहेत आणि मी एकाशीही नांदले नाही. उबंटू झालं, फेडोरा झालं, आर्चवर तर मी लोकांना प्रवचनं दिली. बुलढाण्याला कॉलेजात शिकवणारे बाबा मात्र पहिल्यापासून डेबियनवर. मी सुट्टीत आले की विचारायचे, "काय समता, तुहा लॅपटॉप आहे का एसटी स्टँड? दर खेपेले नवीन गाडी लागेल असते."

बाबा गेले आणि त्यांचा कम्प्युटर आईकडे आला. त्यांनी बसवून दिलेल्या मराठी कीबोर्डवर ती बहिणींना लांबलचक मजकूर लिहिते. त्यावरचं डेबियन जुनं झालं होतं. सवयीप्रमाणे सगळं पुसून नवीन काही टाकावं, म्हणून मी पेनड्राइव्ह काढला.

"त्याईचं पुसू नको," आई म्हणाली.

मग डेबियनचीच नवी आवृत्ती चढवायला घेतली. मध्येच काम थांबलं आणि पडद्यावर प्रश्न आला: सेटिंगच्या या फाइलीत तुम्ही बदल केलेले आहेत, ते ठेवायचे की नवी फाइल घ्यायची?

"काय इचारून राह्यलं ते?"

"बाबांनी केलेलं ठेवू का, म्हणतंय."

"मंग ठेव म्हन ना."

ठेवलं. थोड्या वेळाने दुसऱ्या फाइलीबद्दल तेच. मग आणखी एका. नव्याची एवढी हौस असलेली मी दर वेळी मुकाट्याने 'ठेव' म्हणत गेले. प्रश्न संपले तेव्हा वाटलं, अजून थोडे यायला हवे होते.

पुढची आवृत्ती दोनेक वर्षांनी येईल, तेव्हा ते पुन्हा विचारेल. तोवर आईचा हुकूम आहे, पेनड्राइव्ह पर्समध्येच राहील.