फोटोत वाढत गेलेलं घर

पस्तिशी उलटली, कानावरचे केस पांढरे झाले, तरी घरात त्याला सगळे धाकटाच म्हणायचे. थोरली म्हणजे ताई. पाच वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा ती एक दिवस उशिरा पोचली, आणि आई रागाच्या भरात सगळ्यांदेखत म्हणाली, "मला तुझं तोंडही पाहायचं नाही." ताई आईचीच लेक, तिनं ते शब्दशः पाळलं. दुसऱ्या गावी नोकरी धरली, तिकडंच लग्न केलं, ते मावशीकडून कळलं. धाकट्यानं त्या दिवशी आईची बाजू घेतली होती. खरं तर तो मूग गिळून बसला होता, पण अशा वेळी गप्प बसणाराही कोणाच्या तरी बाजूला असतोच.

यंदा आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली, आईनं खिडकीबाहेर बघितलं, भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग म्हणाली, "सगळं लख्ख दिसतंय रे. आता तेवढं तिचं तोंड पाहायचं राहिलंय."

"मग फोन कर की."

"मीच तोडलं, आता कुठल्या तोंडानं फोन करू? तू एक फोटो माग."

धाकट्यानं मेसेज टाकला, आईला तुला बघायचंय, एक फोटो पाठव. दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. दुसरा मेसेज त्यानं टाकला नाही. आपण एकदा विचारलं, आता तिची पाळी, असा त्याचा बाणा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, या घरात तो पीळ तिघांनाही सारखा वाटून दिलेला होता.

पण आई रोज विचारायची. संध्याकाळी तो चप्पल काढतो न काढतो तोच, "आला का फोटो?" आठव्या दिवशी त्यानं तो बनवला.

धाकटा दुकानांच्या पाट्या तयार करायचा. हल्ली गिऱ्हाईक मोबाइलवर यंत्राकडून चित्र बनवून आणतं, ते असतं चौकोनी, आणि पाटी असते वीस फूट लांब. मग धाकटा दुसऱ्या यंत्राला सांगायचा, दोन्ही बाजूंना वाढव. यंत्र चित्राच्या कडेकडे बघतं आणि पुढं काय असेल ते बेधडक ठोकून देतं. रिकामी जागा म्हणून त्याला बघवत नाही. एका शिंप्याच्या पाटीत यंत्रानं शिंप्याला तिसरा हात दिला होता. शिंपी म्हणाला, राहू द्या, कामाला येईल.

ताईच्या कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो त्यानं यंत्राला दिला. वय वाढव, गाल भर, थोडं हसव. अर्ध्या मिनिटात ताई तयार झाली. मागं दाराची चौकट आणि निळ्या भिंतीची एक पट्टी. त्यानं ते कागदावर छापून घरी आणलं. एवढी मेहनत त्यानं खऱ्या ताईसाठी घेतली असती तर? पण ते नंतरचं शहाणपण.

"आला बघ."

आईनं फोटो हातभर लांब धरून पाहिला, मग नाकाशी आणला. "चेहरा भरलाय," म्हणाली. "सुखात आहे." आणि पदरानं नव्या डोळ्यांना जपून टिपलं. धाकट्याला वाटलं, सुटलो. एका खोट्यात आई शांत झाली तर कोणाचं काय बिघडलं?

दुसऱ्याच दिवशी आई म्हणाली, "दाराच्या आत काय आहे रे? तिला म्हणावं, जरा लांबून काढ."

त्यानं दुपारी दोन पाट्यांच्या मध्ये फोटो डावीकडे वाढवला. स्वयंपाकघर निघालं. ओटा, दोन पातेली, खिडकीत कुंडी. आई खूश. "ओटा बघ कसा चकचकीत. माझं वळण आहे ते." पुढच्या आठवड्यात उजवीकडे वाढवला. पुस्तकांचं कपाट आलं, खुंटीवर पुरुषाचा कोट आला. "म्हणजे जावई घरी होते," आई म्हणाली. "त्यांनीच काढला असेल फोटो." आता ती त्या घरात जाऊन-येऊन असायची. दोनच पातेल्यांत पोरगी भागवते कशी, कपाट भिंतीला लावलंय तर ओल धरेल, कुंडी पडेल एखाद दिवशी. धाकटा हो ला हो करायचा.

मग ती म्हणाली, "पाय दिसत नाहीत. फरशी गार असते, घरात चपला घालते की नाही कोण जाणे."

त्यानं खाली वाढवला. पाय आले, फरशी आली, आणि दाराशी, अगदी कडेला, पिवळे इवलेसे बूट आले. वर्षाच्या पोराचे असावेत एवढे.

धाकट्याला ते लगेच दिसले. पुसायला दोन मिनिटं लागली असती. वर्तुळ काढायचं, कळ दाबायची, असले जादा हात आणि जादा मांजरं तो दिवसभर पुसत असे. त्यानं वर्तुळ काढलंसुद्धा. मग त्याला आईचा चेहरा दिसला, हे बूट बघताना कसा होईल तो. त्यानं बुटांऐवजी वर्तुळच पुसून टाकलं. बाकी सगळं यंत्रानं केलं असं म्हणता आलं असतं. हे त्यानं केलं.

आईनं फोटो पुन्हा नाकाशी आणला. मग तिनं त्याचं मनगट धरलं. "मी आजी झाले आणि मला पोरीनं कळवलंही नाही?" लगेच स्वतःच म्हणाली, "का कळवेल? मी काय कमी बोलले का तिला?" त्या दिवशी ती पोटभर जेवली, उगाच हसली. "मुलगा की मुलगी रे? विचार ना. नाहीतर मलाच दे लावून फोन. आता मला लाज नाही."

"ती म्हणते, इतक्यात बोलायला नको. फोटो पाठवीन."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्याला कळलं. आतापर्यंत तो ताईचं घर बनवत होता, आता त्यानं तिचं मनही बनवलं, आणि तेही कठोर. आईनं मान हलवली. "बरं. तिची मर्जी."

खाई त्याला खवखवे. आईनं लोकर आणली, मुलगा असो की मुलगी, पिवळा चालतो म्हणून पिवळी. सुयांचा आवाज सुरू झाला की धाकटा गॅलरीत जाऊन उभा राहायचा. फोटोतले बूट अजूनही दोन मिनिटांत पुसता आले असते, आईच्या मनातले कोणत्या कळीनं पुसायचे? उद्या सांगू, उद्या सांगू, असे तीन आठवडे गेले.

मधल्या काळात आईनं फोटो मावशीला दाखवला. मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिनं ताईला फोन लावून अभिनंदन केलं.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात ताई. फोटोतल्या ताईसारखी मुळीच नाही. केस कापलेले, गालाची हाडं वर आलेली, एका खांद्यावर पिशवी. आईनं तिला अशी मिठी मारली की पिशवी खाली पडली. दोघी रडल्या. मग आईनं तिच्या खांद्यावरून जिन्याकडे बघितलं.

"एकटीच आलीस? बाळ कुठंय?"

ताईनं चपला काढल्या. आईला वाटलं, ही लटकंच रुसलीय. ती लगबगीनं आत गेली आणि उशाशी ठेवलेला फोटो घेऊन आली. "आता लपवू नको. हे बघ बूट."

ताईनं फोटो पाहिला. आपलंच तोंड, कोणाचंतरी घर. कडेशी तिची नजर थांबली ती हललीच नाही. मग तिनं धाकट्याकडे पाहिलं. सांगायची वेळ हीच होती, हे त्याला कळत होतं. त्यानं खाली पडलेली पिशवी उचलली.

"प्रवास झेपत नाही गं," ताई आईला म्हणाली. "घरीच ठेवलंय."

धाकट्याचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडला याचीच त्याला लाज वाटली.

आई बाळाच्या स्वेटरचा राहिलेला गळा विणायला बसली. ताई पाणी प्यायला आत गेली, मागोमाग तो.

"ताई, ते यंत्रानं केलेलं आहे. मी फक्त वाढवत गेलो. आई रोज विचारायची, तू तर उत्तरसुद्धा..." अजूनही त्याला दोष तिच्यावरच टाकावासा वाटत होता.

ताईनं पेला धुऊन पालथा घातला. "तुझा मेसेज आला तेव्हा मी दवाखान्यात होते. आठवा महिना लागला होता. एवढे दिवस सगळं नीट होतं. घरी आले ती रिकाम्या हातांनी." ती सावकाश बोलत होती. "वाचला मी मेसेज. पण हात उचलेना. म्हटलं, दोन दिवसांनी परत विचारेल. महिनाभर फोन उशाशी घेऊन झोपत होते रे."

धाकटा ओट्याला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "मी आत्ताच्या आत्ता सांगतो आईला. सगळं." आणि खरंच वळला.

तेवढ्यात बाहेरून आईचा आवाज आला. "अगं, मुलगा की मुलगी तेवढं तरी सांग! हा मेला काही सांगत नाही."

ताईनं त्याचं मनगट पकडलं.

"मुलगी," ती मोठ्यानं म्हणाली.

"नाव काय ठेवलंत?"

ताईनं नाव सांगितलं. तिला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

बाहेर आईनं ते दोनदा म्हणून बघितलं. "गोड आहे," ती म्हणाली. "आणि गेलीय कोणावर?"

"तुझ्यावर."

ताईची बोटं त्याच्या मनगटात रुतली होती. ती खाली बघत हळू आवाजात म्हणाली, "मला एकदा कोणीतरी तिच्याबद्दल विचारायला हवं होतं. आजवर कोणी विचारलंच नाही." मग तिनं हात सोडला. "जा आता. सांग आईला."

तो बाहेर आला तेव्हा आई ते नाव तिसऱ्यांदा म्हणून बघत होती.