गुलाबी रंग आवडणारी बाई

हॉस्पिटलचा निरोप आला तेव्हा तो एका मोठ्या सोफ्याचं जुनं कापड सोलत होता. निरोप त्याच्या फोनवर नाही, बायकोच्या फोनवर आला. तिला जाऊन वर्ष व्हायला आलं होतं, पण तिचा फोन त्याने बंद केला नव्हता. कापायच्या टेबलावर कात्री आणि खडूच्या मधे तो पडून असायचा आणि रोज न चुकता चार्ज व्हायचा. कशाला, असं मुलीने एकदा विचारलं, तेव्हा गिऱ्हाइकांकडे अजून तोच नंबर आहे असं त्याने सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण कारण तेवढंच नव्हतं.

निरोप असा होता की आमच्या संगणकात कोणीतरी परवानगीशिवाय शिरलं आहे, आपली वैयक्तिक माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. त्याने तो दोनदा वाचला आणि पुन्हा पक्कड हातात घेतली. जुन्या सोफ्याच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, एकेक करून उपसावे लागतात, ओढाताण केली की लाकूड फाटतं. आता तिचं आणखी काय चोरणार, असं त्याच्या मनात आलं. जी चोरी व्हायची ती झाली होती.

संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा त्याने हे सहज, हवापाण्याच्या गप्पांमधे सांगितलं. ती लगेच म्हणाली, "बाबा, गेलेल्या माणसाचं नाव चोरांना सगळ्यात सोयीचं. ते माणूस तक्रार करायला येत नाही. मी रविवारी येते. तोवर त्या फोनवर कोणाला काही सांगू नका."

मुलगी आईवर गेली होती. आली की आधी खुर्चीवरचे कापडाचे तुकडे उचलून नीट घडी करायची आणि मगच बसायची. त्या रविवारी तिने चहासुद्धा नंतर म्हटलं. बँकेला कळवलंत का, या प्रश्नावर तो नमुन्याच्या कापडांचे गठ्ठे सारखे करायला लागला. मृत्यूचा दाखला त्याच गठ्ठ्यांखाली होता, पाकिटातून एकदाच बाहेर निघालेला. मुलीने तो काढला, फोटो घेतला आणि कामाला लागली. बँकेला कळवलं. लोकांच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना कळवलं की ही बाई आता हयात नाही, हिच्या नावाने कोणी कर्ज मागितलं तर देऊ नका. हॉस्पिटलात जवळचा नातेवाईक म्हणून त्याचंही नाव आणि नंबर होता, म्हणून त्याच्या नोंदीलाही कुलूप लावून घेतलं.

"मी कशाला कर्ज काढतोय?" तो म्हणाला.

"तुम्ही नाही काढणार. तुमच्या नावाचा दुसरा कोणीतरी काढेल."

राहता राहिली बायकोची मेलपेटी. खरं तर ती बंद करून टाकायची असं मुलीचं म्हणणं होतं. या एका गोष्टीला मात्र त्याने ठाम नकार दिला. धंद्याचा सगळा लिहिण्याबोलण्याचा भाग बायकोकडे होता. कापड ती निवडायची, गिऱ्हाइकांशी ती बोलायची, आणि काम पूर्ण झालं की त्या वस्तूचा फोटो काढून स्वतःलाच मेल करायची, वर एक ओळ लिहून. 'काळी आरामखुर्ची. मालक कटकट्या, खुर्ची बिचारी गरीब.' 'पलंगाची पाठ. दोघं भांडत आली होती, भांडतच गेली.' अशा वर्षानुवर्षांच्या ओळी. तो रोज सकाळी दुकान उघडल्यावर त्यातली एक वाचायचा. एकच. जास्त वाचल्या तर संपतील, असा त्याचा हिशोब. ती पेटी दुसऱ्याच्या हातात गेली तर बाकी सगळं राहून काय उपयोग, हे त्याला बोलून दाखवता येत नव्हतं, पण मुलीला समजलं असावं. तिने पेटी ठेवली, पासवर्ड बदलला, आणि कोणी आत शिरायला बघितलं तर आधी आईच्या फोनवर कोड यावा अशी सोय केली.

"हा कोड म्हणजे घराची किल्ली," ती म्हणाली. "बँक मागो, हॉस्पिटल मागो, द्यायचा नाही."

"आणि तू मागितलास तर?"

"मी मागितला तरी."

शेवटी मशीनने एक प्रश्न विचारला, पासवर्ड विसरलात तर ओळख पटवायला. तुम्ही जोडीदाराला पहिल्यांदा कुठे भेटलात? त्याला फारसा विचार करावा लागला नाही. सासऱ्यांच्या बाहेरच्या खोलीत. तो तिथे खुर्चीला नव्या पट्ट्या ठोकत होता, तोंडात चुका धरून, आणि ती दारात उभी राहून म्हणाली होती की यांना पाणी द्या, पण आधी तोंडातले खिळे काढायला सांगा.

"ते लिहायचं नाही," मुलगी म्हणाली. "खरं उत्तर कोणालाही शोधता येतं. काहीतरी खोटंच लिहा आणि लक्षात ठेवा."

"तुझ्या आईबद्दल मी खोटं लिहिणार नाही."

"बाबा, मशीनला सांगायचंय."

"मशीनला तरी का सांगू?"

तिने बरंच समजावलं, तो बधला नाही. वैतागून तिने 'नंतर करा' दाबलं आणि चहा टाकायला उठली.

दोन-तीन दिवसांनी सोफ्याची मालकीण स्वतःच कापड घेऊन आली. गडद गुलाबी, वर चमक असलेलं. त्याने ते टेबलावर पसरलं आणि हळहळत मापं घेतली. बायको असती तर तिने या बाईला बसवून, चहा पाजून, बाटली हिरव्या रंगावर आणून सोडलं असतं. गुलाबी रंगाशी तिचं उभं वैर होतं. लग्नात कोणीतरी दिलेली गुलाबी चादर तिने पहिल्याच महिन्यात शिवणाचं मशीन पुसायला काढली होती. एखाद्या गिऱ्हाइकाने फारच हट्ट धरला तर ती कापड घ्यायची आणि ते माणूस रस्त्याला लागलं की म्हणायची, त्यांचे पैसे, त्यांचे डोळे, आपण कोण.

तो कापड कापणार तेवढ्यात तिचा फोन वाजला.

बोलणारा तरुण होता, आवाज अगदी मऊ. हॉस्पिटलच्या माहिती सुरक्षा विभागातून बोलतोय म्हणाला. झाल्या प्रकाराबद्दल त्याने आधी माफी मागितली. मग काकूंची जन्मतारीख सांगितली, कोणता वॉर्ड, कोणतं ऑपरेशन, डॉक्टर कोण, सगळं बरोबर. काकूंच्या नावावर कोणीतरी उद्योग करतंय, ते थांबवायला फोनवर एक कोड येईल, तेवढा वाचून दाखवा म्हणाला. त्याला मुलीचे शब्द आठवले आणि तो फोन ठेवणारच होता. पण तो तरुण पुढे म्हणाला, "मी तेव्हा त्याच मजल्यावर होतो, काका. काकू फार धीराच्या होत्या. शेवटपर्यंत कोणाला त्रास दिला नाही."

तो सोफ्याच्या उघड्या सांगाड्यावर बसला.

तिच्याबद्दल त्याच्याशी कोणी बोलून बरेच दिवस झाले होते. पाहुणे तिचा विषय निघाला की घड्याळ बघायचे. जावई बिचारा भला माणूस, तो लगेच धंदा कसा आहे विचारायचा. आणि हा कोण कुठला मुलगा आपणहून सांगत होता की ती धीराची होती. मुलगा बोलत राहिला आणि तो ऐकत राहिला. मधेच हातातला फोन थरथरला. कोड आला होता. अक्षरं बारीक होती, म्हणून तो चष्मा शोधायला टेबलाकडे गेला. देणार होता का? नंतर त्याने मुलीला नाही सांगितलं, पण खरं म्हणजे देणार होता.

"काकूंना गुलाबी रंग फार आवडायचा, नाही?" तो मुलगा म्हणाला. "म्हणायच्या, मला चादर गुलाबीच द्या."

चष्मा हातातच राहिला. समोर ते चमकदार गुलाबी कापड पसरलेलं होतं. चोराची शंका त्याला तेव्हाही आली नाही. त्याला आधी वाईट वाटलं. रात्री तिच्याजवळ थांबू देत नसत. तेव्हा ती अशी काही बोलत असेल का? का आयुष्यभर मनात एक आणि तोंडावर एक असं होतं, आणि शेवटी परक्या माणसाजवळ खरं बोलली? त्याने घसा साफ करून विचारलं, "आणखी काय म्हणायची?"

"तुमचीच आठवण काढायच्या. तुमची पहिली भेट जहाजावर झाली, ते सांगायच्या."

जहाजावर. दोघांपैकी कोणीही कधी साध्या होडीतसुद्धा पाय ठेवला नव्हता.

मग त्याला तो हॉस्पिटलातला बाक आठवला. पहिल्या तपासणीच्या दिवशी नाव नोंदवायला तिला फोनवर पानंच्या पानं भरायला लावली होती, असल्याच ओळख पटवायच्या प्रश्नांसकट. तो चहा घेऊन परत आला तर ती एकटीच हसत बसलेली. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, यांना फारच चौकशा. मुलीने रविवारी जे त्याला शिकवलं ते बायकोला कोणी न शिकवताच माहीत होतं. हा मुलगा त्या मजल्यावर कधी गेलेलाच नव्हता. तिने तिथे भरलेली खोटी उत्तरं तो समोर ठेवून वाचत होता.

आता फोन ठेवायला हवा होता. त्याने ठेवला नाही.

"चष्मा सापडत नाहीये," तो म्हणाला. "तू बोल. आणखी काय सांगायची?"

"काका, कोड थोड्याच वेळात रद्द होतो."

"शोधतोय ना. सांग तोवर."

मुलाने घाईघाईने पुढचं वाचलं. काकूंना लहानपणी पहिलवान व्हायचं होतं म्हणे. आणि त्यांचा पाळीव प्राणी, वकीलसाहेब, त्याच्यावर फार जीव होता.

"वकीलसाहेब," तो म्हणाला. "पोपट की मांजर?"

"ते तुम्हालाच माहीत असणार, काका."

त्याला हसू आलं. तोंडावर हात ठेवून तो हसला, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते त्याने त्या गुलाबी कापडाला पुसलं. इतक्या महिन्यांत तिच्या तोंडचं नवीन काही त्याच्या कानावर पडलं नव्हतं. रोज तीच जुनी एकेक ओळ. आणि आज चार गोष्टी एकदम, त्याही चोराच्या तोंडून.

"काका, कोड."

"कोड आलाय. द्यायचा नाही असं मुलीने सांगितलंय."

मऊ आवाज तिथेच संपला. मग मेल बंद होईल, तो मुलगा म्हणाला. आतलं सगळं पुसलं जाईल, फोटोबिटो सगळं, मग आमच्या नावाने रडू नका. हा घाव बरोबर बसला. कोड समोरच होता, आता चष्म्याशिवायही त्याला दिसत होता. सगळ्या खुर्च्या, सगळे पलंग, सगळ्या ओळी. खरंच पुसलं तर? त्याने टेबलाची कड घट्ट धरली.

"वकीलसाहेबांना विचारून सांगतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मग त्याने आपल्या फोनवरून मुलीला लावला. तिने काही न विचारता आधी त्याला मेलपेटी उघडायला लावली. पेटी जागच्या जागी होती. कटकट्या मालकाची काळी आरामखुर्चीसुद्धा. त्याचा जीव भांड्यात पडला. मुलीने तिकडून पासवर्ड पुन्हा बदलला, पोलिसांच्या आणि हॉस्पिटलच्या पानावर तक्रार टाकली, तो नंबर लिहून घेतला. एवढं झाल्यावर तिने विचारलं, चोर आहे हे कळलं कसं? त्याने गुलाबी रंगाचं सांगितलं, जहाजाचं सांगितलं. पहिलवानाचं सांगितलं तेव्हा पलीकडून जो आवाज आला तो हसण्याचा की कसला, ते त्याला कळलं नाही. त्याने विचारलंही नाही.

पुढच्या रविवारी ती आली. खुर्चीवरचे तुकडे घडी केले. राहिलेला प्रश्न तिने त्याच्यासमोर ठेवला.

"जहाज लिहू?"

"जहाज आता चोरांना पाठ आहे. दुसरं लिहा."

त्याने चष्मा लावला. मग एका बोटाने, एकेक अक्षर शोधत त्याने लिहिलं. लिहिताना त्याच्या मिशा हलत होत्या.

"काय लिहिलंत?"

"सांगायचं नसतं ना?"

"अहो, मला तरी."

"तू मागितलंस तरी," तो म्हणाला.

सोफा त्या आठवड्यात पूर्ण झाला. कापड सरळ बसलं होतं, कोपरे नीट वळले होते, आणि रंग बघवत नव्हता. मालकीणबाई खूश होऊन गेल्या. त्या येण्याआधी त्याने सोफा उजेडात ओढून बायकोच्या फोनने त्याचा फोटो काढला होता, पहिला हलला म्हणून दुसरा, आणि तिच्या पेटीत पाठवला होता. वर एक ओळ लिहिली.

'मोठा सोफा. गुलाबी, तुझ्या आवडीचा.'